सुईचा नवस

साल १९६९. माझं वय तेव्हा चौतीस. वेल्ह्याच्या बाजूला एका दवाखान्यात मी ड्रेसर होतो. लोकांच्या तोंडी त्याचं 'डेशर' व्हायचं आणि मलाही तेच बरं वाटायचं. शाळा तिसरीपर्यंत. अंक वाचता येतात, सही येते, आणि हे जे लिहितोय ते रखडत रखडत लिहितोय. मधे कुठं आमची बोली आली तर येऊ द्यावी, ती खोडू नये, असं मी हे ज्या अंकात छापायचंय त्याच्या संपादकांना आधीच सांगितलंय.

ते म्हणाले, नोकरीला कधी लागलात, बदल्या कुठं झाल्या, सगळं लिहा. त्यात काय लिहायचं. लागलो, राबलो, सुटलो. पण त्या सालच्या पावसाळ्यातली एक गोष्ट आहे, ती सांगण्यासारखी आहे. तिच्यात माझी चूक आहे आणि माझी कर्तबगारीही आहे. दोन्ही लिहितो.

आधी काम काय होतं ते सांगतो, कारण आता ते राहिलेलं नाही. कुऱ्हाडीचे घाव धुवायचे, गळू फोडायचं, भाजलेल्याला पट्टी करायची, आणि पिचकाऱ्या उकळायच्या. पिचकारी काचेची. सुई एकदा वापरून टाकायची ही चैन तेव्हा नव्हती. टोक बोथट झालं की मी ते गुळगुळीत दगडावर तेल टाकून घासायचो आणि अंगठ्याच्या नखावर ओढून बघायचो. नखावर अडकली तर अजून घास. माझ्या हातची सुई दुखत नाही असं बाया सांगत यायच्या. दुखायची, पण कमी दुखायची.

सगळ्यांत अवघड सुई म्हणजे सांधेतापाची. हे दुखणं काय ते नीट सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

पोराचा घसा दुखतो. चार दिवसांत बरा होतो, कुणी लक्ष देत नाही. मग दोन-तीन आठवड्यांनी ताप चढतो आणि गुडघा सुजतो. असा सुजतो की अंगावरची वाकळ टेकली तरी पोर कळवळतं. दोन-चार दिवसांनी गुडघा उतरतो आणि घोटा धरतो. मग कोपर, मग मनगट. आज इथं तर उद्या तिथं. पुढं सगळे सांधे आपोआप मोकळे होतात, पोर उड्या मारायला लागतं, आणि घरचे म्हणतात, गेलं बाबा एकदाचं. पण ते गेलेलं नसतं. ते काळजाला लागलेलं असतं. काळजात रक्त आत-बाहेर सोडणाऱ्या झडपा असतात, त्या वाकड्या होतात.

आमचे डॉक्टरसाहेब पुण्याचे, वयानं माझ्यापेक्षा लहान. मी त्यांना विचारलं होतं, "साहेब, जंतू घशात शिरला. मग गुडघ्यात काय असतं?"

"गुडघ्यात जंतू नसतोच," ते म्हणाले.

"मग सुजवतं कोण?"

"शरीर. स्वतःच."

मला पटेना. तेव्हा त्यांनी खिडकीतून बाहेर बोट दाखवलं. बाहेर पावसात चार-पाच गडी बांधावरून चालले होते, सगळ्यांच्या डोक्यावरून घोंगडी. ते म्हणाले, "यातला तुमचा भाऊ कोणता, सांगता येईल?"

"एवढ्या लांबून न्हाई."

"तुमच्या कुत्र्यालाही येणार नाही. समजा, घोंगडी पांघरून चोर आला. कुत्र्यानं त्याला फाडला, चोर मेला. पण कुत्र्याच्या डोक्यात बसलं की घोंगडी म्हणजे चोर. आता मालक घोंगडी घेऊन दारात आला तरी ते त्याच्यावरच धावतं. त्या जंतूची घोंगडी आपल्या सांध्यांच्या आणि हृदयाच्या घोंगडीसारखी आहे. जंतू मरून जातो, कुत्रं भुंकायचं थांबत नाही. सांध्याला ते चाटून सोडतं, हृदयाला चावतं."

"मग कुत्र्याला मारायचं का?"

"कुत्रं मारलं तर घर राखणार कोण? चोराला पुन्हा आत येऊ द्यायचं नाही, एवढंच आपल्या हातात. दर वेळी चोर आला की कुत्रं आणखी पिसाळतं."

ही सुई म्हणजे चोराला येऊ न देण्याची सुई. पेनिसिलीनची, पण दाट, दुधासारखी. बाटलीत पांढरी पूड, तिच्यात पाणी सोडायचं, हलवायचं, ओढायचं आणि लगेच टोचायचं. जरा रेंगाळलात की सुई तुंबते आणि पोराला दुसऱ्यांदा टोचावं लागतं. माझी तुंबत नसे. ही सुई एकवीस दिवसांनी एक, अशी पंचविशी गाठेपर्यंत घ्यायची. एक चुकली तरी चोराला दार उघडं.

हिचं नाव एवढं झालं की किकवीचे एक बाबा एसटीनं खास आले. साठीचे, दोन्ही गुडघे धरलेले, काखेत कोंबडा. म्हणाले, "मला ती दुधाची सुई दे."

"बाबा, तुमचं दुखनं येगळं. तुमचे गुडघे झिजलेत."

"मग झिजल्यावर भरायला दूध नको का?"

मी नाही म्हणालो. ते दुपारपर्यंत बाकावर बसून राहिले आणि जाताना कोंबडाही घेऊन गेले.

गंमत सोडा, खरी अडचण दुसरी होती. ज्याचे सांधे बरे झालेत, जो नांगर धरतोय, त्याला दर एकवीस दिवसांनी बोलावून टोचायचं म्हणजे तो हसतो. माझ्या सुरुवातीच्या दिवसांत एक गाडीवान पोरगा होता, विशीचा. चार सुया घेतल्या आणि यायचा बंद झाला. बाजारात दिसला तर मांडीवर थाप मारून म्हणाला, "बघ डेशर, लोखंड हाय." मी हसून सोडून दिलं. दोन वर्षांनी त्याला दवाखान्यात आणला तेव्हा त्याला आडवं निजता येत नव्हतं. बसून श्वास घ्यायचा, पाय सुजून खांबासारखे झालेले. तो गेला. त्याच्या आईनं मला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

त्या दिवशी मी ठरवलं, माझ्या हातातलं एकही पोर आता सुटता कामा नये. आणि मी ठरवलं म्हणजे ठरवलं.

मी युक्ती काढली. सुताची दोरी घ्यायची, तिला एकवीस गाठी मारायच्या. सुई टोचली की दोरी घरच्यांच्या हातात द्यायची. रोज सकाळी एक गाठ सोडायची. दोरी मोकळी झाली की ती घेऊन पोराला आणायचं. मोकळी दोरी दाखवल्याशिवाय सुई नाही. आणि लोकांनी ती मनावर घ्यावी म्हणून मी सांगायचो, "ह्यो न्हवस समजा. न्हवसात खंड पडला तर काय व्हतं ते तुमाला म्या सांगायला नको."

आता खरं सांगतो. आमच्या घरात छप्पन सालानंतर देव्हारा नाही. दीक्षा घेतली, देव नदीत सोडले, नवस-सायास बंद. माझा माझ्यावरच विश्वास. आणि तरी मी दारोदार नवस सांगत हिंडलो, कारण तो चालला. औषध म्हणून कुणी ऐकलं नसतं, नवस म्हणून ऐकलं. अशी नऊ घरं माझ्याकडं होती आणि दोन वर्षांत एकाही घरी खाडा नव्हता. पुण्याहून तपासायला आलेल्या मोठ्या साहेबांनी वही बघून विचारलं होतं, इथं लोक येतात कसे? डॉक्टरसाहेबांनी माझ्याकडं बोट केलं. दोरीचं सांगितलं, नवसाचं नाही. ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

त्या नवातलं एक घर म्हणजे तान्हाबाईचं. वाडीचं नाव लिहीत नाही. तोरण्याच्या अंगाला, कानंदी नदी ओलांडून वर चढायचं, एवढं पुरे. तान्हाबाई म्हणजे साठीची, काटक, आणि पंचक्रोशीत डाग द्यायला नावाजलेली. कुणाचा सांधा धरला, पोटात गोळा आला, की तान्हाबाई चुलीत सळई तापवून चटका द्यायची आणि लोक बरे होऊन जायचे, निदान तसं म्हणायचे. तिची नात यमुनी. पहिल्यांदा यमुनीचा गुडघा सुजला तेव्हा ती नऊ वर्षांची होती. म्हातारीनं गुडघ्याला डाग दिला. गुडघा उतरला. घोटा सुजला. घोट्याला दिला. घोटा उतरला. दुखणं आपसूक पुढं सरकत होतं आणि म्हातारीला वाटत होतं आपण त्याला हाकलतोय. मनगटापर्यंत पाच डाग झाले, तेव्हा तिच्या लेकानं, शंकरनं, आईचं न ऐकता पोरीला पाठीवर घेतलं आणि दवाखान्यात आणलं. डॉक्टरसाहेबांनी नळी लावली आणि म्हणाले, हृदयात बारीक आवाज आहे. सुई सुरू करा.

पावसाळ्यात नदी भरली की मी वर जायचो. पहिल्यांदा गेलो तर म्हातारीनं मला पडवीच्या खालीच थांबवलं. मी अंगणात तीन दगड मांडले, माझ्याच भांड्यात पिचकारी उकळली आणि पोरीला अंगणात टोचलं. तिथंच मी दोरी काढून नवसाचं सांगितलं.

म्हातारी दोरीकडं बघून म्हणाली, "तुमी लोकांनी द्येव सोडला म्हनं. आन् आमाला न्हवस सांगतोस व्हय रं?"

"तुमी तर सोडला न्हाई ना, आजी. तुमी पाळा."

तेव्हा जरा खुट्ट झालं होतं मनात. पण तिनं दोरी कनवटीला लावली आणि माझं काम झालं. त्यानंतर यमुनी दोन वर्षं बरोबर एकविसाव्या दिवशी हजर. आली की विचारायची, "काका, आज धारेची हाय का बोथट?" मी म्हणायचो, "तुज्या आजीच्या जिभेवर घासून आनलीया." मग ती हसायची आणि तेवढ्यात मी टोचून मोकळा.

आता तो महिना. त्या साली आषाढ अधिक आला. धोंड्याचा महिना. डॉक्टरसाहेब वडील आजारी म्हणून रजेवर, त्यांच्या जागी दुसरे साहेब आठवड्यातून एकदा येऊन जायचे. दवाखाना माझ्यावर. पाऊस झोडपत होता. सुईवाल्या घरांपैकी दोन-तीन पोरं येऊन गेली, बाकीची आली नाहीत. मी म्हटलं, नदी चढली असेल, दोरी संपली की निरोप येईल. वहीत सगळ्यांच्या तारखा लिहिलेल्या होत्या. मला अंक वाचता येतात. मी वही उघडली नाही. माझी दोरी असताना वही कशाला उघडायची, हा माझा ताठा.

धोंडा संपायला तीन-चार दिवस राहिले होते, डॉक्टरसाहेब रजेवरून परत आले होते, तेव्हा सकाळीच शंकर भिजत आला. म्हणाला, "डेशर, यमुनीचा गुडघा पुन्ना सुजलाय. परवा उजवा व्हता, आज डावा. म्हातारीनं सळई काढलीया. म्या म्हनलं थांब, डेशरला आनतो. तर म्हनती, त्याच्या सुईनं काय केलं?"

मी पेटी उचलली. वाटेत नुसता हिशेब करत होतो. सुई दिलेली, दोरी दिलेली, मग दुखणं परतलं कसं? माझी सुई कच्ची पडली का? असं कधी होत नाही. नदी कमरेएवढी होती. शंकरनं हात दिला, मी पेटी डोक्यावर धरली.

वर पोचलो तर भातलावणीच्या बाया पावसाची इरली घेऊन तशाच ओल्या दारात उभ्या होत्या. यमुनी पडवीत पडलेली, डावा गुडघा नारळाएवढा, ताप फणफणलेला. चुलीत सळईचं टोक लाल होत होतं. या वेळी मला पडवीखाली कुणी थांबवलं नाही, मीही थांबलो नाही.

मी म्हणालो, "आजी, दोरी कुठाय?"

तिनं कनवटीची दोरी काढून माझ्यापुढं टाकली. मी मोजल्या. नऊ गाठी शिल्लक. मागची सुई देऊन सव्वा महिना उलटला होता.

"नऊ कशा राहिल्या?"

यमुनी पडल्या पडल्या म्हणाली, "काका, म्या रोज सोडत व्हते. आजीनं बंद केलं."

"बंद का केलं?"

म्हातारी माझ्याकडं अशी बघायला लागली जशी मीच खुळा आहे. म्हणाली, "धोंडा लागला न्हाई का? न्हवसाचं दिस धोंड्यात कोन धरतं? म्हैना सरला की फुडं मोजायचं. येवढंबी ठावं न्हाई, आन् लोकांना न्हवस सांगत हिंडतोस?"

दारातल्या बायांनी माना हलवल्या. बरोबरच होतं तिचं. अधिक महिन्यात नवसाचे दिवस मोजत नाहीत, तिनं तो नियम पाळला होता. मी जे सांगितलं ते तिनं माझ्यापेक्षा मनापासून केलं होतं. नवस मी मानत नाही म्हणून त्याचे नियमही मला माहीत नव्हते. आणि पोरीला मधल्या दिवसांत घसा धरला होता का विचारलं, तर तिची आई म्हणाली, व्हय, पंधरा-वीस दिवसांमागं, लावणीत भिजली तवा.

आता माझ्यापुढं दोन वाटा होत्या. म्हणायचं की आजी, तुमचं चुकलं, देव कोपला, चला खाली. ती घाबरून आली असती. माझी अब्रू राहिली असती. किंवा खरं बोलायचं. पण खरं बोललो आणि तिचा सुईवरचाच विश्वास उडाला, तर सळई लाल झालेलीच होती.

मी म्हणालो, "आजी, न्हवस न्हाई ह्यो. कदीच नव्हता. म्या खोटं बोल्लो."

"खोटं?"

"व्हय. तुमी पाळावं म्हनून."

"म्हंजी दोन वर्सं तू आमाला फशिवलंस."

"व्हय."

"मग सुईबी खोटीच कशावरून न्हाई?"

याच प्रश्नाला मी भीत होतो. शंकर मधे बोलायला लागला, मी त्याला थांबवलं. चुलीसमोर म्हातारीच्या पुढ्यात उकिडवा बसलो. म्हणालो, "तुमी पोरीच्या गुडघ्याला डाग दिला तवा गुडघा उतरला का न्हाई?"

"उतरला."

"मग घोटा का सुजला?"

"दुखनं पळालं तिकडं."

"घोट्याला डाग दिला, ते मनगटात पळालं. आज पुन्ना गुडघ्यात आलंय. आजी, दुखनं पळत न्हाई. ते समद्या अंगात हाय, आज हितं दिसतं, उद्या तिथं. तुमी डाग द्या न्हाईतर देऊ नका, गुडघा चार दिसांनी उतरनारच हाय. पन काळजात शिरलं तर तिथं सळई कशी लावायची?"

मग मी तिला घोंगडीचं आणि कुत्र्याचं सांगितलं, डॉक्टरसाहेबांनी मला सांगितलं होतं तसंच. तिनं मधे एकदाच विचारलं, "आन् चोर कवा मेला?"

"लई आदी. घशातच मेला."

"मंग आता कोन चावतंय पोरीला?"

"तिचंच रगत."

म्हातारीनं यमुनीच्या पायावरच्या जुन्या डागांवरून हात फिरवला. मग तिनं सळई चुलीतून ओढली आणि पाण्याच्या बादलीत घातली. चर्र आवाज झाला. ती म्हणाली, "ह्यात माजी चूक किती?"

"तुमची न्हाई. माजी हाय."

"व्हय, तुजीच हाय," ती म्हणाली. "उठ आता. पोरीला न्ये."

बांबूला घोंगडी बांधून झोळी केली. पुढं शंकर, मागं मी. नदीत पाणी छातीशी आलं तेव्हा बांबू खांद्यावरून डोक्यावर घेतला. पोरीच्या अंगाला नदीच्या पाण्याचा थेंब लागू दिला नाही. हे काही फुशारकीनं लिहीत नाही, पण आज तसा बांबू डोक्यावर घेऊन ती नदी उतरणारा गडी मला दाखवा.

दुपारी दवाखान्यात पोचलो. डॉक्टरसाहेबांनी खूप वेळ नळी लावली. डोळे मिटून ऐकत होते. मग म्हणाले, "आवाज आहे. वाढलाय का ते पुण्याला कळेल. ॲस्पिरीन सुरू करा, सुईची तयारी करा, संध्याकाळच्या एसटीनं मी स्वतः घेऊन जातो."

मी सुई ओढली. यमुनीनं या वेळी काही विचारलं नाही. मीच म्हणालो, "धारेची हाय." ती म्हणाली, "मला म्हाईत हाय."

यमुनीचं पुढचं इथंच सांगून टाकतो. पुण्याला ती दोन महिने होती. झडप थोडी गळत होती ती गळतीच राहिली, पण त्यापुढं वाढली नाही. परत आल्यावर लग्न होऊन भोरला जाईपर्यंत तिची एकेक सुई मी दिली, एकही चुकली नाही. भोरच्या दवाखान्यातल्या ड्रेसरला मी जाऊन सांगून आलो की सुई आधी घासायची. तिला दोन लेकरं झाली. मागच्या वर्षी भेटली तेव्हा केस पिकले होते आणि चढ चढताना मधे एकदा थांबत होती. एकदाच थांबत होती. हे माझं काम आहे आणि ते मी कुणालाही सांगायला लाजत नाही.

पण त्या दुपारी यातलं मला काहीच माहीत नव्हतं. एसटीची वाट बघताना डॉक्टरसाहेबांनी विचारलं, खंड पडला कसा? मी सगळं सांगितलं. दोरी, नवस, धोंडा. मला वाटलं ओरडतील. ते ओरडले नाहीत. ते म्हणाले, "बाकीच्या आठ घरांत काय सांगितलंय तुम्ही?"

"त्येच."

"मग त्यांच्या गाठी कुणी सोडल्या असतील?"

इतका वेळ मी एकाच पोरीचा विचार करत होतो. मी वही उघडली. बोट ठेवून एकेक तारीख वाचली. तीन घरांची पोरं आली होती. पाच घरांची तारीख उलटून गेली होती, कुठं चार दिवस, कुठं पंधरा.

डॉक्टरसाहेब म्हणाले, "शिपायाबरोबर निरोप पाठवा, उद्या सगळ्यांना खाली बोलवा."

"निरोप नको," मी म्हणालो. "खोटं म्या बोल्लोय. निरोप्या काय सांगनार?"

"पाच घरं पाच दिशांना आहेत. या पावसात?"

"व्हय."

"आणि त्यांनी तुमच्या सुईवर विश्वास ठेवला नाही तर?"

"तर दारात बसून ऱ्हाईन."

ते हसले. मग कपाटाची किल्ली माझ्या हातात देऊन एसटीत बसले. पोरीचं डोकं त्यांच्या मांडीवर होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिसायला लागल्याबरोबर मी निघालो. पेटीत पाच बाटल्या, दोन पिचकाऱ्या, रात्री घासून ठेवलेल्या सुया. पहिलं घर ज्याची तारीख सगळ्यांत जास्त उलटली होती त्याचं, वरच्या अंगाला, दीड तासाची चढण. घरची बाई अंगण झाडत होती. मला बघून तिनं चहाला आधण ठेवायला सांगितलं आणि म्हणाली, "धोंडा सरल्यावर आमीच येनार व्हतो की." मी पायऱ्या चढून वर गेलो, पेटी खाली ठेवली, डोक्याचं मुंडासं काढलं आणि म्हणालो, "वैनी, चहा मागून. आदी म्या काय सांगतो ते ऐका, आन् घरातल्या समद्यांना भायेर बोलवा, मला येकदाच सांगायचंय."